गहाण, मालकी आणि मनाई हुकूम : दीडशे वर्षांचा मागोवा

दि. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यात सुपे या बाजारगावी आसपासच्या खेड्यांतील शेतकरी मोठ्या संख्येने जमले आणि त्यांनी गुजर व मारवाडी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चाल केली. लूट झाली, नासधूस झाली. तथापि जमावाला खरी ओढ होती ती कागदांची. कर्जखते, गहाणखते, न्यायालयाचे हुकूमनामे जेथे हाती लागले तेथे ते जाळण्यात आले. पुढील काही आठवड्यांत हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पोहोचले. सावकारांच्या जिवावर बेतल्याचे प्रसंग मात्र तुलनेने फार थोडे. कागद नष्ट झाला की कर्ज आणि त्याबरोबर जमिनीवरचा दावाही नष्ट होईल, अशी त्या शेतकऱ्यांची साधी समजूत होती.

इतिहासात हा प्रसंग 'दख्खनचे दंगे' या नावाने ओळखला जातो. ज्यांच्या वह्या जळाल्या त्या सावकारांत जैन कुटुंबेही होती. म्हणूनच गहाण, जप्ती, लिलाव आणि तो थांबविणारा न्यायालयाचा मनाई हुकूम यांचा इतिहास जैन समाजाला परका नाही. या इतिहासात समाज आधी धनकोच्या बाजूला उभा दिसतो आणि कालांतराने कित्येकदा ऋणकोच्या बाजूला. दोन्ही बाजूंचा अनुभव असलेल्या समाजाने हा प्रवास नीट समजून घेणे उपयुक्त ठरेल.

कागद आणि जमीन

दंग्यांची कारणे एका दिवसात निर्माण झाली नव्हती. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला पोहोचेना. परिणामी हिंदुस्थानच्या कापसाचे भाव चढले. दख्खनमध्ये पैसा खेळू लागला, पत वाढली आणि कर्जेही सुलभतेने मिळू लागली. युद्ध संपताच भाव उतरले, पत आटली. मात्र घेतलेली कर्जे कायम राहिली. त्यातच अनेक तालुक्यांत जमीनमहसुलाची फेरआकारणी होऊन सारा वाढला.

१८५९ च्या मुदतीच्या कायद्याने या परिस्थितीत अनपेक्षित भर घातली. साध्या कर्जखतावरून दावा आणण्याची मुदत या कायद्याने ३ वर्षांवर आणली. ऋणकोचे रक्षण व्हावे, जुनीपुराणी खते उकरून काढली जाऊ नयेत, हा त्यामागचा हेतू. प्रत्यक्षात दर ३ वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेण्याची रूढी पडली आणि कर्ज वाढतच गेले. दावा दाखल झाला तरी न्यायालय समोरचे खत तेवढे पाही. त्या खतामागे कोणता व्यवहार होता, मूळ रक्कम किती होती, याची चौकशी सहसा होत नसे. ऋणको बहुधा निरक्षर, न्यायालय तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या गावी. परिणामी बहुसंख्य दाव्यांत एकतर्फी हुकूमनामे होत.

'एकदा गहाण ते सदैव गहाण'

पश्चिम भारतात गहाणाचा एक प्रकार विशेष रूढ होता. त्याला 'गहाण-लहाण' म्हणत. ठरलेल्या मुदतीत कर्ज फेडले तर जमीन परत; न फेडले तर तेच खत खरेदीखत मानावयाचे आणि सावकार मालक व्हावयाचा, अशी त्यातील अट असे. ऋणकोचा गहाण सोडविण्याचा हक्क कायमचा बंद करण्याच्या या क्रियेला इंग्रजी विधिपरिभाषेत फोरक्लोजर म्हणतात.

इंग्लंडमध्ये चॅन्सरी न्यायालयाने सतराव्या शतकातच या कठोर अटीला लगाम घातला होता. ठरलेली तारीख उलटली एवढ्याच कारणाने मालकाने आपली जमीन गमवावी हे न्यायबुद्धीला धरून नाही, असे त्या न्यायालयाने मानले आणि वाजवी मुदतीत पैसे भरून जमीन सोडविण्याचा हक्क मान्य केला. त्यापूर्वी १६१६ मध्ये आणखी एक मोठा वाद मिटला होता. अन्य न्यायालयात मिळविलेल्या निकालाचा अन्यायाने लाभ घेऊ पाहणाऱ्या पक्षकाराला चॅन्सरी न्यायालय मनाई करू शकते काय, असा तो प्रश्न होता. राजा पहिला जेम्स याने चॅन्सरीच्या बाजूने कौल दिला. गहाण सोडविण्याचा हक्क आणि मनाई हुकूम या दोन्हींचा उगम अशा रीतीने एकाच न्यायपरंपरेत आहे.

मुंबई उच्च न्यायालयाची स्थापना १८६२ मध्ये झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८६४ मध्ये, रामजी विरुद्ध चिंतो या दाव्यात या न्यायालयाने महत्त्वाचा निर्णय दिला. खतात अट कशीही लिहिलेली असो, व्यवहार मुळात गहाणाचा असेल तर तो गहाणच राहतो. मुदत टळली म्हणून ऋणकोचा जमीन सोडविण्याचा हक्क आपोआप बुडत नाही, हे तत्त्व न्यायालयाने गहाण-लहाणास लागू केले. १८७० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मद्रासकडील एका दाव्यात याच्या उलट मत दिले आणि पक्षकारांनी ठरविलेली अट जशीच्या तशी अमलात आली पाहिजे असे सांगितले. तरीही मुंबई उच्च न्यायालयाने आपली वाट सोडली नाही. १८७७ मध्ये बापूजी आप्पाजी विरुद्ध सेनवराजी मारवाडी या दाव्यात १८६४ च्या निर्णयाचाच पुनरुच्चार झाला. सुप्याच्या दंग्याला तेव्हा जेमतेम २ वर्षे झाली होती.

पुढे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात या तत्त्वाला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. मुंबई इलाख्यात तो दि. १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला. त्याच्या कलम ६० अन्वये गहाण सोडविण्याचा हक्क पक्षकारांच्या कृतीने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच संपुष्टात येऊ शकतो. कलम ६७ ने फोरक्लोजरचा हक्क शर्तीच्या खरेदीसारख्या मोजक्या प्रकारांपुरता मर्यादित केला. अन्य गहाणांत धनकोने न्यायालयामार्फत लिलाव मागावा, असा नियम झाला. १९२९ च्या दुरुस्तीनंतर परत खरेदीची अट त्याच दस्तऐवजात नमूद नसेल तर तो व्यवहार गहाण मानला जात नाही. तोंडी आश्वासनावर विसंबून खरेदीखत लिहून देणाऱ्यास हा नियम आजही भोवतो.

१८७९ चा दख्खन कृषक साहाय्य कायदा

दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाच्या अहवालानंतर १८७९ मध्ये दख्खन कृषक साहाय्य कायदा संमत झाला आणि पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. खताच्या पाठीमागे जाऊन व्यवहाराचा आरंभापासूनचा हिशेब तपासण्याचे कर्तव्य त्याने न्यायालयावर टाकले. ऋणकोला हप्ते बांधून देण्याची सोय केली. शेतकऱ्याची स्थावर मालमत्ता विशिष्ट कर्जासाठी स्पष्टपणे गहाण दिलेली नसेल, तर त्या कर्जाच्या हुकूमनाम्यापोटी ती जप्त करता वा विकता येणार नाही, असे कलम २२ ने ठरविले. कागदोपत्री खरेदी दिसणारा व्यवहार वस्तुतः गहाणाचा होता, हे तोंडी पुराव्याने सिद्ध करण्याची मुभाही पुढील दुरुस्तीने मिळाली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम पाहिले, ही गोष्ट येथे नमूद करण्याजोगी आहे.

व्याजाच्या बाबतीत 'दामदुपटी'चा जुना शास्त्रनियम मुंबई इलाख्यातील न्यायालये मानीत आलीच होती. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये, हा तो नियम. हा नियम परकीय सत्तेने आणलेला नव्हता. तो येथील धर्मशास्त्राचाच होता. जैन परंपरेत तर याहून सूक्ष्म विचार आढळतो. तत्त्वार्थसूत्रात श्रावकाच्या सत्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत 'कूटलेखक्रिया' म्हणजे खोटा लेख तयार करणे आणि 'न्यासापहार' म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव बुडविणे, हे दोन आहेत. १८७९ च्या कायद्याने न्यायाधीशाला जे तपासावयास सांगितले, ते श्रावकाने स्वतःच तपासावे अशी शास्त्राची अपेक्षा शतकानुशतके होती. सगळ्याच पेढ्या त्या अपेक्षेला उतरल्या असे इतिहास सांगत नाही. सगळ्याच पेढ्या अन्यायी होत्या असेही तो सांगत नाही. दुष्काळात धान्य पुरविणारा, बियाण्यास पैसे देणारा सावकार हा गावगाड्याचा एक आधारही होता. सुप्याच्या बाजारात जळालेल्या कागदांत खरे आणि खोटे दोन्ही असणार. ज्वाळांनी त्यांत भेद केला नाही. तो भेद शांतपणे करण्याची जागा न्यायालय हीच होय.

मालक कोण?

गहाणाचा वाद नुसता कर्जाचा असेल तर तो हिशेबाने सुटतो. गहाण दिलेली वस्तू देणाऱ्याची होती काय, हा प्रश्न उभा राहिला की तो गुंतागुंतीचा होतो. एकत्र कुटुंबाच्या पद्धतीत हा प्रश्न वारंवार उपस्थित झाला. कुटुंबप्रमुखाने वाडा वा दुकान गहाण टाकावे, कर्ज थकावे, लिलावाची दवंडी पिटली जावी आणि त्याच वेळी मुलाने, भावाने वा विधवा भावजयीने न्यायालयात येऊन 'या मिळकतीत आमचाही हिस्सा आहे, तो गहाण टाकण्याचा अधिकार त्यांना नव्हता' असे म्हणावे, हे चित्र महाराष्ट्रातील न्यायालयांना नित्याचे आहे.

यावरील मूलभूत निर्णय १८५६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हनुमानप्रसाद पांडे यांच्या दाव्यात दिला. अज्ञान मुलाच्या वतीने व्यवहार पाहणाऱ्या व्यक्तीस त्याच्या मिळकतीवर बोजा निर्माण करण्याचा अधिकार मर्यादित आहे. कायदेशीर गरज किंवा मिळकतीचे हित असेल तरच तो वापरता येतो. कर्ज देणाऱ्याने अशी गरज खरोखर होती काय याची प्रामाणिकपणे चौकशी केली पाहिजे. मात्र अशी चौकशी केल्यावर दिलेल्या पैशाचा विनियोग पुढे कसा झाला यास तो जबाबदार नाही. हेच सूत्र न्यायालयांनी एकत्र कुटुंबाच्या कर्त्यास लागू केले आणि १८७५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने देवस्थानाच्या मिळकतीची व्यवस्था पाहणाऱ्या सेवेकऱ्यासही लागू केले.

या सूत्राने दोघांनाही शिस्त लावली. धनकोने चौकशी न करता पैसे दिले तर त्याचे गहाण टिकणार नाही; आणि घरात सुखाने कर्जाचा उपभोग घेऊन लिलावाच्या आदल्या दिवशी मुलाला पुढे करणाऱ्या बापाचाही डाव सहज साधणार नाही.

निशाणी ५ चा अर्ज

मालकीचा दावा निकाली निघण्यास वर्षे लागतात. लिलाव मात्र ठरल्या दिवशी होतो. मिळकत एकदा तिसऱ्याच्या नावावर गेली, तेथे इमारत उठली, की पुढे दावा जिंकूनही हाती काही लागत नाही. या अडचणीवरचा उपाय म्हणजे तूर्तातूर्त मनाई हुकूम. महाराष्ट्रातील दिवाणी न्यायालयांत दाव्यासोबत देण्यात येणाऱ्या या अर्जाला बहुधा निशाणी ५ हा क्रमांक पडतो. त्यामुळे 'निशाणी ५ चा निकाल काय लागला?' हा प्रश्न वकिलांप्रमाणेच पक्षकारांच्याही तोंडी असतो. कित्येकदा सबंध दाव्याचे भवितव्य याच अर्जावर ठरते.

१८५९ च्या पहिल्या दिवाणी प्रक्रिया संहितेतच तात्पुरत्या मनाईची तरतूद होती. आज लागू असलेल्या १९०८ च्या संहितेतील आदेश ३९, नियम १ मध्ये तिचे स्वरूप स्पष्ट आहे. वादातील मिळकतीचा नाश, हानी वा हस्तांतर होण्याचा धोका असेल, किंवा ती हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत अन्यायाने विकली जाण्याचा धोका असेल, तर न्यायालय मनाई करू शकते.

ती कोणाला मिळावी याच्या तीन कसोट्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या अखेरीस दलपतकुमार यांच्या प्रकरणात विशद केल्या. अर्जदाराच्या बाजूने सकृद्दर्शनी प्रकरण असले पाहिजे. मनाई न दिल्यास पैशाने भरून न येणारे नुकसान व्हावयास हवे. मनाई दिल्याने प्रतिपक्षाला होणाऱ्या गैरसोयीपेक्षा ती न दिल्याने अर्जदाराला होणारी गैरसोय अधिक असली पाहिजे. यांपैकी एकच कसोटी पुरेशी नाही. सकृद्दर्शनी प्रकरण म्हणजे सिद्ध झालेली मालकी नव्हे. गंभीरपणे विचारात घ्यावा असा प्रामाणिक वाद, एवढाच त्याचा अर्थ.

या उपायाचा गैरवापरही झाला. प्रतिपक्षाला न कळविता एकतर्फी मनाई मिळवावयाची आणि मग तारखांवर तारखा घ्यावयाच्या, अशी प्रथा पडली. म्हणून १९७६ च्या दुरुस्तीने नोटिशीशिवाय मनाई देताना कारणे नोंदविणे न्यायाधीशावर बंधनकारक झाले आणि असा अर्ज ३० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असे ठरले. कॅव्हेट दाखल करून 'आमचे म्हणणे ऐकल्याविना हुकूम करू नये' अशी विनंती आगाऊ करण्याची सोयही त्याच वर्षीची. अपुऱ्या कारणावर मनाई मिळविणाऱ्याकडून नुकसानभरपाई देवविता येते. कलम ९५ मधील तिची मर्यादा पूर्वी १,००० रुपये होती. १९९९ च्या दुरुस्तीने ती ५०,००० रुपये झाली.

मनाई मिळाली नाही तरी ऋणकोसाठी सर्व दारे बंद होत नाहीत. न्यायालयामार्फत झालेल्या गहाणाच्या लिलावात विक्री कायम होण्यापूर्वी देय रक्कम आणि खरेदीदारासाठी बोलीच्या ५ टक्के रक्कम भरून मिळकत वाचविता येते. मुंबई शहरात विशिष्ट गहाणांत न्यायालयाशिवाय विक्री करण्याचा अधिकार धनकोला पूर्वीपासून आहे. अशाच एका मुंबईतील प्रकरणात, नारणदास करसनदास यांच्या अपिलात, सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, लिलावात बोली मंजूर झाली एवढ्याने गहाण सोडविण्याचा हक्क संपत नाही. नोंदणीकृत खरेदीखत होईपर्यंत तो जिवंत राहतो. १८६४ चेच तत्त्व येथे नव्या स्वरूपात प्रकटले.

दावा दाखल असताना मिळकत विकली गेली तर खरेदीदार निकालास बांधलेला असतो, हा नियम १८८२ च्या अधिनियमात आहेच. मुंबई प्रांताने १९३९ मध्ये त्यात अशी दुरुस्ती केली की, जेथे ती लागू असेल तेथे या संरक्षणासाठी दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. बृहन्मुंबईतील मिळकतींबाबत ही नोंद विसरणे महागात पडते.

बँकांचा काळ

स्वातंत्र्योत्तर काळात सावकारीचे नियमन करणारे कायदे आले आणि कर्जव्यवहार हळूहळू बँका व पतसंस्थांकडे गेला. ज्या समाजातील पेढ्या एके काळी कर्ज देत, त्याच समाजातील व्यापारी आणि कारखानदार दुकान, गोदाम, राहते घर बँकेकडे तारण ठेवून भांडवल उभारू लागले. पारडे फिरले.

२००२ मध्ये सरफेसी या संक्षिप्त नावाने परिचित असलेला कायदा आला. थकीत कर्जाबाबत ६० दिवसांची नोटीस देऊन, न्यायालयात दावा न लावता, तारण मालमत्तेचा ताबा घेण्याचा व ती विकण्याचा अधिकार त्याने बँकांना दिला. त्याच्या कलम ३४ ने अशा कारवाईस मनाई करण्याचा दिवाणी न्यायालयाचा अधिकार काढून घेतला. शेतजमिनीवरील तारणास हा कायदा लागू नाही. दाद मागावयाची ती ४५ दिवसांच्या आत ऋण वसुली न्यायाधिकरणाकडे. निशाणी ५ च्या अर्जावर विसंबलेल्या अनेक कुटुंबांना हा बदल उशिरा कळला आणि चुकीच्या दारात मोलाचे दिवस गेले.

दि. ८ एप्रिल २००४ रोजी मार्डिया केमिकल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला. परंतु न्यायाधिकरणाकडे जाण्यापूर्वी ७५ टक्के रक्कम भरण्याची अट रद्द केली. बँकेची कृती कपटाची असेल किंवा तिची मागणी उघडपणे निरर्थक असेल, तर मर्यादित प्रमाणात दिवाणी न्यायालय दखल घेऊ शकेल, असेही म्हटले. २०१० मध्ये त्याच न्यायालयाने उच्च न्यायालयांना अशा वसुलीस स्थगिती देताना संयम पाळण्यास बजावले. सहकारी बँकांना हा कायदा लागू होतो काय, हा कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या एका बँकेच्या प्रकरणातील प्रश्न दि. ५ मे २०२० रोजी घटनापीठाने होकारार्थी सोडविला. महाराष्ट्रातील गावोगावच्या सहकारी बँकांच्या कर्जदारांवर या निर्णयाचा थेट परिणाम झाला.

गहाण सोडविण्याचा हक्कही आकुंचित झाला. २०१६ च्या दुरुस्तीमुळे आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ मधील निर्णयामुळे सरफेसीखालील कारवाईत लिलावाची नोटीस प्रसिद्ध होताच ऋणकोचा हा हक्क संपतो. नोंदणीकृत खरेदीखतापर्यंत थांबणारे ते औदार्य या क्षेत्रात उरलेले नाही.

मात्र मालकीचा मूळ प्रश्न पुन्हा न्यायालयासमोर आलाच. २०१३ मध्ये, बँकेच्या कारवाईविरुद्ध एकत्र कुटुंबाचा हिस्सा सांगणाऱ्यांनीही न्यायाधिकरणाकडेच जावे, असा निर्णय झाला होता. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाचा भेद स्पष्ट केला. सासऱ्यांच्या मिळकतीत आपला हक्क असल्याचे सांगणाऱ्या एका स्त्रीचे म्हणणे असे की, कुटुंबातील अन्य व्यक्तीने अधिकार नसताना जमीन विकली आणि घेणाऱ्याने ती बँकेकडे गहाण ठेवली. मूळ खरेदीखत व त्यावर उभे असलेले गहाण बेकायदा ठरवून मिळावे, ही मागणी न्यायाधिकरण ऐकू शकत नाही. मालकीचा हा निर्णय दिवाणी न्यायालयाचाच, असे न्यायालयाने सांगितले. ज्याने कर्ज घेतलेच नाही, ज्याने सही केलीच नाही, त्याची मिळकत दुसऱ्याच्या कर्जापोटी जात असेल तर त्याचे ऐकून घेणारे एक न्यायपीठ असले पाहिजे, ही १८५६ पासूनची भूमिका अशा रीतीने टिकून राहिली.

विश्वस्त मालमत्तेचे रक्षण

सार्वजनिक न्यासाच्या बाबतीत मालकीचा प्रश्न आणखी निराळा. मंदिर, स्थानक, धर्मशाळा, पाठशाळा, पांजरपोळ यांच्या जागा विश्वस्तांच्या स्वाधीन असतात. त्या त्यांच्या खासगी नसतात. १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, ज्याचे नाव आता महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम असे आहे, याच हेतूने झाला. त्याला प्रथम आव्हान देणाऱ्यांत एका जैन मंदिराचे व्यवस्थापकही होते. रतिलाल पानाचंद गांधी यांच्या त्या प्रकरणात दि. १८ मार्च १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा मुख्य भाग वैध ठरविला; मात्र धर्मादाय आयुक्तांनाच धार्मिक न्यासाचे विश्वस्त नेमता येण्याची तरतूद रद्द केली. मिळकतीच्या व्यवस्थेवर कायद्याची देखरेख असावी, पण व्यवस्था संस्थेच्या हातून पूर्णतः काढून घेतली जाऊ नये, असा तो समतोल होता.

या अधिनियमाच्या कलम ३६ अन्वये धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीवाचून न्यासाची स्थावर मिळकत विकता येत नाही आणि कलम ३६-क अन्वये त्यांच्या मंजुरीवाचून विश्वस्तांना गहाण टाकून वा अन्य रीतीने न्यासासाठी कर्ज घेता येत नाही. न्यासाची मिळकत वाया जाण्याचा, तिची हानी होण्याचा वा तिचे अयोग्य हस्तांतर होण्याचा धोका असल्यास कलम ४१-ङ अन्वये स्वतः आयुक्तच मनाई हुकूम देऊ शकतात. १९०८ च्या संहितेतील मनाईची भाषा येथे जवळजवळ तशीच उतरलेली दिसते.

या तरतुदी तोपर्यंतच उपयोगी पडतात, जोपर्यंत संस्थेचे दप्तर शाबूत असते. दात्याने जागा दिली, पण बक्षीसपत्राची नोंदणी झाली नाही. मालमत्तापत्रकावर वा सातबारावर अजून दात्याच्याच आजोबांचे नाव. न्यासाच्या अनुसूचीत मिळकतीची नोंद नाही, अशा स्थितीत दात्याचे वारस तीच जागा प्रामाणिकपणे वा अप्रामाणिकपणे तारण ठेवू शकतात. मग लिलावाची नोटीस भिंतीवर लागल्यावर सकृद्दर्शनी प्रकरण कशाच्या आधारे दाखवावयाचे? पन्नास वर्षे तेथे पूजा होत आली, ही गोष्ट न्यायालयात सांगता येते. ती कागदाची जागा सहसा घेऊ शकत नाही.

१८७५ मध्ये सुप्याच्या शेतकऱ्यांनी कागद जाळले, कारण कागदच त्यांचे शत्रू आहेत असे त्यांना वाटले. त्यांची व्यथा खरी होती. पुढील दीडशे वर्षांच्या इतिहासाने मात्र दाखविले की, दुर्बलाचे रक्षण शेवटी कागदानेच केले : हिशेब उलगडून दाखविणाऱ्या वहीने, वेळेवर नोंदविलेल्या दस्ताने, न्यायाधीशाने कारणे लिहून दिलेल्या मनाईच्या हुकुमाने. अट एकच, कागद खरा असला पाहिजे. कूटलेखाचा त्याग आणि न्यासाचे जतन, ही व्रते घेणाऱ्या समाजाला ही अट जड वाटण्याचे कारण नाही. ज्या पिढीच्या हाती संस्थेच्या किल्ल्या येतात, तिच्या हाती दप्तराची पेटीही येते. ती उघडून, तपासून, उणे असेल ते पुरे करून पुढच्या पिढीस सोपविणे, हीच पूर्वसूरींच्या दानाची खरी राखण होय.